मुलांच्या आइस हॉकीच्या सामानाबद्दलचा तो मेसेज आणि माझ्या हरकती

सप्टेंबर लागला की टोरंटोच्या आसपासच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो. यंदा तो मला चार जणांकडून आला आणि त्यातल्या दोघांनी त्यावर विसंबून खरेदीही उरकली होती. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्टिक दुकानातली सगळ्यात भारी, एकसंध कार्बनची घ्या. फ्लेक्सचा, म्हणजे दांड्याच्या कडकपणाचा, आकडा मोठा घ्या, शॉटला जोर येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजवी स्टिक द्या. स्केट्स दोन नंबर मोठे घ्या, म्हणजे दोन वर्षं जातात. हेल्मेट महागातलं घेतलं की डोक्याची काळजी मिटली. नेक गार्ड, म्हणजे गळ्याभोवतीचा संरक्षक पट्टा, सामन्यापुरता पुरे. आणि दुसऱ्याचं वापरलेलं सामान मुलांना देऊ नका.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. आपल्यातल्या बहुतेकांचं लहानपण बॅट आणि टेनिस बॉलमध्ये गेलं. हॉकी स्टिकचं माप कसं घ्यायचं हे आपल्याला घरात कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे अशी तयार यादी हाती आली की हायसं वाटतं. माझी मुलगी पाच सीझन खेळते आहे, आणि शनिवारी सकाळी लहान गटातल्या मुलांच्या स्केट्सच्या नाड्या बांधायला मी अरीनात, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, असते. तिथे बाकासमोर गुडघे टेकून बसलं की कुणाचं सामान त्याच्या मापाचं नाही ते लगेच कळतं. या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ पैसा नको तिथे घालायला लावते. हेल्मेट आणि नेक गार्डच्या ओळी तर धोक्याच्या आहेत.

‘फ्लेक्सचा आकडा जितका मोठा, तितका शॉट जोरात.’

या मुद्द्याने मुलांच्या खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तोच. मेसेजमध्ये दाखला दिलाय एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या झ्देनो चारा या खेळाडूचा. २०१२ च्या ऑल-स्टार स्पर्धेत त्याने ताशी १०८.८ मैल वेगाचा शॉट मारला होता, आणि त्याची स्टिक विलक्षण कडक असायची, हे दोन्ही खरं आहे. पण चारा ६ फूट ९ इंच उंच आणि अडीचशे पौंड वजनाचा होता. ती कडक काठी वाकवण्याएवढं वजन त्याच्याकडे होतं.

फ्लेक्स म्हणजे काठीचा दांडा एक इंच वाकवायला किती पौंडांचा दाब लागतो तो आकडा. ८५ फ्लेक्सच्या स्टिकला साधारण ८५ पौंड लागतात. शॉट मारताना ब्लेड, म्हणजे स्टिकचं खालचं चपटं टोक, पकच्या (बॉलऐवजी वापरतात त्या रबरी चकतीच्या) जरा आधी बर्फाला टेकतं, खेळाडू खालच्या हातावर अंगाचा भार टाकतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना पकला ढकलतो. काठी वाकलीच नाही तर ती सरळ कशी होणार? मग मूल फक्त दंडाच्या जोरावर पक लोटत राहतं आणि पक बर्फ सोडत नाही.

हॉकीतल्या लोकांचा ढोबळ नियम असा: पौंडातल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास फ्लेक्स. २८ किलोचं मूल म्हणजे सुमारे ६२ पौंड, त्याला ३० च्या आसपासची स्टिक. दुकानात ‘ज्युनियर’ असं लिहिलेल्या मांडणीवर ४० आणि ५० च्या स्टिक भरपूर असतात आणि नऊ वर्षांच्या मुलाचा पालक वय बघून तिथूनच उचलतो. आम्हीही तेच केलं होतं. दुसऱ्या सीझनला मुलगी २५ किलोची होती आणि दुकानदाराने ‘वाढत्या अंगाची आहे’ म्हणून ५० ची दिली. अख्खा नोव्हेंबर तिला वाटत होतं की आपल्याला शॉट जमतच नाही. शेवटी कोचने एका सरावात ३० ची जुनी स्टिक हातात दिली आणि त्याच तासात तिचा पक पहिल्यांदा हवेत उचलला गेला. तो महिना तिने स्वतःला दोष देण्यात घालवला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मेसेज पुढे म्हणतो की लांब घ्या आणि कापा. कापली की काठी आणखी कडक होते, कारण दांडा आखूड झाला की वाकवायला जास्त जोर लागतो. काही स्टिकच्या वरच्या टोकाला छोट्या खुणा छापलेल्या असतात, तिथे कापल्यावर फ्लेक्स किती होईल हे त्यावर लिहिलेलं असतं. त्या वाचा. लांबीचं माप सोपं आहे. बूट घालून उभं राहिल्यावर स्टिक नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. दोन-तीन इंच इकडेतिकडे चालतं, पण कपाळापर्यंत जाणारी स्टिक घेऊन मुलाला पक पायाजवळ आणताच येत नाही.

दुकानातच करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. मुलाला स्टिक खेळताना धरतात तशी धरू द्या, ब्लेड जमिनीला टेकवू द्या आणि खालच्या हाताने दाबायला सांगा. दांडा डोळ्यांना दिसेल इतका वाकला पाहिजे. मूल लालबुंद होऊनही काठी हलत नसेल तर ती परत ठेवा, मग ती कितीही सवलतीत असो.

‘उजव्या हाताने लिहितो, तर उजवी स्टिक.’

इथे आपली क्रिकेटची सवय आड येते. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर असतो. मैदानी हॉकीत तर स्टिक एकाच बाजूची मिळते आणि तिथेही डावा हातच वर. आइस हॉकीत मात्र डावी आणि उजवी अशा दोन वेगळ्या स्टिक असतात, आणि कॅनडात उजव्या हाताची पुष्कळ मुलं डावी स्टिक धरतात, म्हणजे उजवा हात वर, डावा खाली, ब्लेड डाव्या बाजूला. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. एका हाताने स्टिक पुढे करून पक हिसकावताना वरचाच हात उरतो, म्हणून तो बळकट आणि सवयीचा असलेला बरा. तरी हाही काही कायदा नाही, उजवी स्टिक धरणारे उजव्या हाताचे खेळाडूही ढिगाने आहेत. घरी लांब दांड्याचा झाडू मुलाच्या हातात द्या आणि जमिनीवरचा बॉल ढकलायला सांगा, काही न शिकवता. वेगवेगळ्या दिवशी तीन-चारदा बघा. हात आपोआप जिथे जातात, तीच त्याची बाजू. बाबा कसे खेळायचे किंवा मूल कसं लिहितं, यावरून ठरवू नका.

‘सगळ्यात भारी, एकसंध कार्बनची स्टिक.’

वरच्या दर्जाच्या स्टिकची किंमत काहीशे डॉलरच्या घरात जाते. त्या हलक्या असतात, पक ब्लेडला लागल्याचं हाताला छान कळतं, आणि मोठ्या मुलांना त्यांचा फरक जाणवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला जाणवत नाही. शिवाय कार्बनचा स्वभाव लक्षात घ्या. दुसऱ्याच्या स्टिकचा घाव दांड्यावर बसला की वरून ओरखडा दिसतो, आत थर सुटलेले असू शकतात, आणि मग एखाद्या साध्या पासला काठी अचानक मोडते. महागडी असो की स्वस्त, हे दोन्हींना लागू. मूल वर्षभरात उंच होणार, वजन वाढणार, फ्लेक्स बदलणार. अशा वेळी मधल्या किंवा खालच्या किमतीतली, बरोबर फ्लेक्सची स्टिक घेतली की पैसा वाया जात नाही.

लाकडी स्टिकला मेसेजने ‘कचरा’ म्हटलंय, ते मला खटकलं. नोव्हा स्कोशियातल्या मिग्मॉ या मूळनिवासी लोकांनी हाताने कोरलेल्या लाकडी स्टिकवर हा खेळ कॅनडाभर पसरला. एकसंध कार्बनची स्टिक सर्रास दिसू लागली ती २००० नंतर. लहान मुलासाठी लाकडी स्टिक जड आणि कडक पडते म्हणून मीही ती सुचवणार नाही, पण गल्लीत डांबरावर खेळायला तिच्याइतकी चांगली काठी नाही. कार्बनचं ब्लेड डांबरावर आठवड्यात झिजतं.

किंमत विचारण्याआधी बघायची गोष्ट म्हणजे लाय, म्हणजे दांडा आणि ब्लेड यांतला कोन. त्याचा आकडा बहुधा ४ ते ७ च्या दरम्यान असतो. तो जुळतोय का हे कळायला तज्ज्ञ लागत नाही, ब्लेडला गुंडाळलेली टेप बघा. तीन-चार सरावांनंतर टेप ब्लेडच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, जास्त झिजली असेल तर स्टिक लांब आहे किंवा लाय जास्त आहे. टोकाकडे झिजली असेल तर उलट. सगळीकडे सारखी झिजली असेल तर काहीही बदलू नका.

‘स्केट्स दोन नंबर मोठे, जाड मोज्यांसकट.’

नाड्या बांधताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. स्केटमध्ये पाय सैल असला की टाच वर उचलली जाते, घोटा आत कलंडतो, आणि आईबाबा म्हणतात, हिच्या पायात ताकदच नाही. पायात ताकद असते, बुटात जागा जास्त असते. हॉकी स्केट्सचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान असतो. मुलांसाठी थोडी सवलत ठेवता येते, ती अशी मोजायची: नाड्या सोडून पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या, आणि टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम शिरतंय का बघा. दोन बोटं शिरली तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून नाड्या घट्ट बांधा आणि उभं राहू द्या. बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, दुमडायला नकोत. मोजे पातळच हवेत. जाड मोजा बुटातली जागा भरत नाही, ओला होऊन आत गोळा होतो. नवे स्केट्स बर्फावर नेण्याआधी धार लावून घ्यायला विसरू नका. धार लावताना पात्याच्या तळाला गोलसर खोबण कोरतात, लहान मुलांना तिची अर्धा इंच ही नेहमीची त्रिज्या ठीक असते.

‘महाग हेल्मेट घेतलं की काळजी मिटली.’

नाही मिटत. कॅनडात हॉकीचं हेल्मेट सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेच्या मानकाला उतरलेलं असावंच लागतं, स्वस्त असो वा महाग. मुलांना पूर्ण चेहरा झाकणारी, तशीच प्रमाणित जाळी लागते. ही मानकं मुख्यतः कवटी फुटू नये, जबर इजा होऊ नये यासाठी बेतलेली आहेत. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला धक्का बसतो तेव्हा, डोकं झटक्यात फिरतं किंवा थांबतं आणि मेंदू आत हलतो. ते पूर्ण थांबवणारं हेल्मेट कुठल्याही किमतीत मिळत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये हॉकीच्या हेल्मेट्सना चाचणी घेऊन पहिल्यांदा सुरक्षिततेचे तारे दिले तेव्हा पाच तारे एकालाही मिळाले नव्हते. तारे जरूर बघा, पण त्याआधी हेल्मेट डोक्यावर बसतंय का ते बघा. भुवईच्या वर एका बोटाची जागा, मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबरच हलायला हवं, हनुवटी जाळीच्या कपात टेकलेली, पट्टा बांधलेला. आणि मुलाला डोकं दुखतंय, मळमळतंय, गोंधळल्यासारखं वाटतंय असं दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरकडे जायचं. महागडं हेल्मेट घातलंय म्हणून ‘काही होत नाही’ असं त्याला सांगू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

‘नेक गार्ड सामन्यापुरता.’

१९८९ मध्ये बफेलो संघाचा गोलकीपर क्लिंट मलार्चकच्या गळ्यावर स्केटचं पातं फिरलं. संघाचा ट्रेनर जिम पिझुटेली व्हिएतनाममध्ये लष्करी वैद्यकीय मदतनीस होता, त्याने जखम दाबून धरली म्हणून मलार्चक वाचला. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफील्डला तशाच अपघातात खेळाडू अ‍ॅडम जॉन्सन वाचला नाही. तो २९ वर्षांचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मोठ्यांनाही नेक गार्ड सक्तीचा केला. कॅनडात लहान गटांना तो आधीपासूनच सक्तीचा आहे, आणि त्यावर क्वेबेकच्या बीएनक्यू या मानक संस्थेची खूण हवी. पातं सरावातही तेवढंच धारदार असतं, आणि एकमेकांवर पडणारी नवशिकी मुलं सरावातच जास्त असतात. मुलगी ‘गळ्याला टोचतं’ म्हणाली तर दुसऱ्या आकाराचा गार्ड घ्या, काढून ठेवू देऊ नका.

‘वापरलेलं सामान नको.’

ही ओळ वाचून मला राग आला, कारण हिच्यामुळे कितीतरी घरं ‘आपल्याला परवडणार नाही’ म्हणून खेळाकडे फिरकतच नाहीत. शिन पॅड (नडगीचे पॅड), पॅन्ट, खांद्याचे आणि कोपराचे पॅड, ग्लोव्ह्ज हे सगळं जुनं बिनधास्त घ्या. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या दुकानांत रांगाच्या रांगा असतात. प्लास्टिकला तडा नाही, वेल्क्रो धरतंय, ग्लोव्ह्जचे तळवे फाटलेले नाहीत, एवढं बघा. शिन पॅड गुडघ्याच्या वाटीवर बरोबर बसून खाली स्केटपर्यंत यायला हवा, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत, म्हणजे मध्ये उघडं काही राहत नाही. जुने स्केट्स चालतात, पण पात्याला पोलाद किती उरलंय आणि घोट्याजवळ बूट मोडलाय का ते तपासा. हेल्मेट मात्र नवंच घ्या, किंवा ज्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे असं घ्या. हॉकीचं सामान प्रमाणित करणाऱ्या अमेरिकेच्या एचईसीसी या संस्थेच्या स्टिकरवर निर्मितीपासून साडेसहा वर्षांची मुदत असते, ती उलटून गेलेली नसावी. माउथ गार्ड अर्थातच नवा.

सहा ते दहा वर्षांच्या, पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलांसाठी ‘द फर्स्ट शिफ्ट’ हा उपक्रम आहे. त्याच्या शुल्कातच डोक्यापासून पायापर्यंतचं सामान मिळतं आणि तिथेच मापही घेतात. दुकानात जाण्याआधी तुमच्या गावी तो आहे का ते विचारा. आणि ज्या दोघांनी खरेदी उरकली आहे त्यांनी पावती जपून ठेवली असेल तर या शनिवारी स्टिक आणि स्केट्स घेऊन अरीनाच्या लॉबीत या. टेप लावण्याआधी आणि धार लावण्याआधी आलात तर बहुतेक दुकानं बदलून देतात.