सोसायटीच्या तलावासाठी पोशाखाचा नियम कसा करावा

सर्वप्रथम अभिनंदन. सोसायटीच्या कमिटीवर तुमची निवड झाली. गच्चीची गळती, टँकरची बिलं आणि बी विंगची लिफ्ट ही कामं पुढच्या कमिटीसाठी राखून ठेवायची असतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्या वाट्याला आला आहे पोहण्याचा तलाव, आणि त्यात उतरणाऱ्या बायकांचे कपडे.

गेल्या आठवड्यात आमच्या तलावाच्या दारावर फलक लागला : ‘महिलांनी शोभेल असाच पोशाख घालून पाण्यात उतरावे. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, हे फलकालाही ठाऊक नसावं. हेतू थोर, पण मसुदा कच्चा. हे काम जगात दोन-अडीचशे वर्षं चालू आहे. त्या अनुभवाचा फायदा तुम्हाला का मिळू नये?

तर पहिलं : ‘शोभेल’ हा शब्द राहू द्या, त्याचा अर्थ मात्र लिहू नका. लिहिलात की तो पाळून कोणीतरी खरंच पोहायला येईल.

लिहायचाच असेल तर इंचांत लिहा. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये टायडल बेसिन या तलावाच्या काठी नियम होता की, पोशाखाची कड गुडघ्यापासून ६ इंचांहून जास्त वर जाता कामा नये. ते तपासायला माणूस नेमला होता आणि त्याच्या हातात टेप होती. फोटो आजही बघायला मिळतात. बाईची अब्रू राखण्यासाठी परक्या पुरुषाने तिच्या मांडीला टेप लावायची, हे ज्याला सुचलं तो तुमच्या कमिटीत शोभला असता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १९३५ साली याहून नेटकं काम केलं. पोशाखाचे पाय किमान ३ इंच लांब, पुढची बाजू काखेपासून कमरेपर्यंत झाकलेली. हा नियम पुरुषांनाही लागू होता. तेवढा भाग उचलू नका.

कड पाण्यात वर तरंगते, ही जुनी अडचण आहे. तिच्यावर जुनाच उपाय आहे, शिसं. मार्था वॉशिंग्टन, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी, हिचा निळ्या-पांढऱ्या चौकटीचा स्नानाचा झगा माउंट व्हर्ननला जपून ठेवला आहे. त्याच्या घेराला शिशाचे तुकडे शिवलेले आहेत. बाई बुडाली तरी चालेल, घेर वर येता कामा नये.

घोड्याने ओढायची चाकांवरची खोलीही होती. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर बायका त्या खोलीत बसून समुद्रात शिरत आणि आडोशाला पाण्यात उतरत. आपल्या पार्किंगची अवस्था पाहता हा उपाय बाद.

‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हे वाक्य सभेत घ्याच. घेताना भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे तेवढं पाहू नका. नऊवारीचा काष्टा मारला की पोटऱ्या उघड्या राहतात. पाय मोकळे राहावेत म्हणूनच तो मारतात.

आता कापड. इथे तुमच्यात एकमत आहे, हे ग्रुपवरच्या अंगठ्यांवरून दिसलं : लेगिंग्ज आणि वर ढगळ टी-शर्ट. सुती, कारण सुती ते सात्त्विक. ही सूचना नीट अमलात यावी म्हणून ती कशी अमलात येते ते सांगते. सुती विणलेलं कापड पाणी पितं आणि सोडत नाही. शंभर वर्षांपूर्वी विणलेल्या लोकरीचे पोशाख असत, त्यांचं हेच व्हायचं. कोरडे असताना अंगाबरोबर आणि ओले झाले की गुडघ्याकडे निघाले. म्हणजे झाकण्यासाठी घेतलेलं कापड पाण्याबाहेर येताना एका हाताने धरून ठेवावं लागे. टी-शर्टात हवा शिरते आणि पोटाशी फुगा होतो. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढे टाकला की ओली बाही मागे खेचते. उताणं पोहायला शिकणाऱ्या बाईच्या तोंडावर शर्टाचा घेर येतो. नवशिकीला तरंगण्यातून पायांवर उभं राहायचं असतं तेव्हा गुडघे छातीशी घ्यावे लागतात. ते शिकवताना शिकवणारीचा घसा कोरडा पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी भिजलेली लेगिंग मांडीला चिकटून गुडघा वर येऊ देत नाही. बाई घाबरते, पाणी गिळते आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तुमचा तलाव सभ्य झाला. वर सुताचे तंतू सुटतात ते वेगळेच. ते पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या टोपलीत साचतात, पाण्याचा ओढा मंदावतो, आणि मग तुम्हीच ग्रुपवर टाकता की फिल्टरचा खर्च का वाढला!

पोहण्याचा पोशाख घट्ट असतो तो कोणाला दाखवण्यासाठी नाही. सैल कापडात पाणी शिरतं आणि ते पाणी बाईला ओढून न्यावं लागतं, म्हणून. साधारण ८० टक्के नायलॉन, २० टक्के लायक्रा. नायलॉन पाणी फारसं धरत नाही, लायक्रा ताण देतो. हा ताणणारा धागा ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली शोधला. मोजायला टेप लागते, आणि ही टेप बाई स्वतः धरते : एका खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर. छाती-कंबर जुळली आणि हे माप चुकलं तर पोशाख वाया. आखूड पडला तर पट्टे खांद्यात रुततात, लांब पडला तर भिंतीला पाय मारून निघताना गळ्यातून पाणी शिरतं. कोरड्या अंगावर थोडा जास्तच घट्ट वाटायला हवा, पाण्यात सैलावतो. विकत घेताना कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं मोजता आली तर परत ठेवा.

आणि हे कापड खराब कशाने होतं? क्लोरीनने. लायक्रा आधी मरतो, तोही बसण्याच्या जागी, आणि एक दिवस तिथलं कापड विरळ होऊन आरपार दिसायला लागतं. म्हणून उतरण्याआधी पोशाख साध्या पाण्याने भिजवायचा, तो मग तलावाचं पाणी कमी ओढतो. बाहेर आल्यावर लगेच खळबळायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. रोज पोहणारीने लायक्रा टाळून पॉलिएस्टर-पीबीटी या क्लोरीनला टिकणाऱ्या कापडाचा घ्यावा. पण पाण्यात क्लोरीन डोळे मिटून ओतलं असेल तर कुठलंच कापड फार दिवस टिकत नाही. मोकळं क्लोरीन हवं १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग, आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८. अंगप्रदर्शनाची एवढी काळजी असती तर कमिटीने बायका मोजण्याऐवजी पाणी मोजलं असतं.

असो. सूचना राहिल्या.

सभेत ‘बिकिनी’ हा शब्द अधूनमधून पेरा, उपस्थिती वाढते. ती १९४६ च्या ५ जुलैला पॅरिसच्या मोलितोर तलावावर लुई रेआर या इंजिनिअरने दाखवली. नेहमीच्या मॉडेल ती घालायला तयार नव्हत्या, म्हणून मिशलिन बर्नार्दिनी या नर्तकीला घातली. चारच दिवस आधी अमेरिकेने बिकिनी बेटांवर अणुबाँब फोडला होता, त्यावरून नाव. तलावावर रोज चाळीस लॅप मारणारी बाई ती घालत नाही. पहिल्याच सुरात ती जागेवर राहणार नाही. तिच्या अंगात असतो पाठीवर पट्टे एकत्र आलेला एकसंध पोशाख, पट्टे खांद्यावरून घसरू नयेत म्हणून १९२८ पासून चालत आलेला. तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतात, कारण तुम्ही कापड बघतच नाही.

विरोध फारच झाला तर बायकांना परदेशी पाठवा. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा स्विमसूटची फेरी सेशेल्सला नेली होती. संस्कृती वाचली, विमानभाडं तेवढं पडलं.

सगळ्यात जालीम उपाय म्हणजे पुरुष असतील तिथे बायकांनी पोहायचंच नाही. न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा नेमका हा नियम होता. होय, संघटना बायकांचीच. कमिटीतल्या दोन्ही वहिनींनी नोंद घ्यावी. १९१२ साली स्टॉकहोमला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ठेवल्या, तेव्हा सिडनीच्या फॅनी ड्युरॅक आणि मिना वायली यांना या नियमापायी घरी बसवायचं घाटत होतं. लोकांनी ओरडा केला, वर्गणी काढली आणि नियम मागे घ्यायला लावला. १०० मीटरमध्ये सोनं फॅनीने आणलं, चांदी मिनाने.

शेवटची सूचना, बाई जास्त झाकून आली तर काय करायचं? तेही बंद करा. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कान, नीस वगैरे गावांनी बुर्किनीवर, म्हणजे डोक्यासकट अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली आणि नीसच्या किनाऱ्यावर हत्यारी पोलिसांसमोर एका बाईला वरचा कपडा काढावा लागला. बंदी टिकणार नाही हे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्टला, दुसऱ्या एका गावाच्या प्रकरणात सांगितलं. २०२१ साली नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली, तर युरोपीय हँडबॉल महासंघाने १५०० युरो दंड ठोकला. नियम होता की बाजूची पट्टी १० सेंटिमीटरहून रुंद नको. पुरुष मात्र मांडीभर चड्डीत खेळत होते.

म्हणजे १९२२ साली कमी पडलं म्हणून मोजलं, २०२१ साली जास्त झालं म्हणून मोजलं. टेप तीच, धरणारे हात तेच!

मला आता हे गोड बोलणं जमत नाही. काठावर खुर्च्या टाकून बसणाऱ्या तिघांना पोहता येत नाही, पाण्यात कोणी कसं उतरावं हे मात्र तेच ठरवणार. नाकाने कांदे सोलायची हौस असेल तर घरी सोला. लेडीज बॅच सकाळी ११ ते १२ कोणी ठेवली? त्या वेळेला कुठल्या बाईला येता येतं, हे विचारलंत कोणाला? बाप्यांनी रस्त्यावरची बर्म्युडा, खिशात किल्ल्या आणि कागदी पुड्या, तशीच्या तशी पाण्यात न्यावी, त्यावर फलक नाही. शॉवर न घेता उडी मारावी, त्यावरही नाही. तलावाला येतो तो डोळे झोंबवणारा वास ‘क्लोरीन जास्त’चा नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून होणाऱ्या क्लोरामिनचा असतो. घाण तुमची, आणि शोभायचं आम्ही?

तो फलक काढा. लॅप मारणाऱ्या बायकांकडे बघत बसायचं बंद करा, आणि पंपाच्या खोलीत जा. तिथे खिळ्याला क्लोरीन आणि पीएचची वही टांगली आहे. त्यातली शेवटची नोंद मार्चमधली आहे.