तुपाची बाटली आणि लाऊंजचं ताट

आज सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. विमानतळाच्या लाऊंजमधलं भरलेलं ताट, शेजारी कॉफी, आणि खाली ओळ: ‘आईवडिलांना घेऊन एअरपोर्टवर येणं म्हणजे डोक्याला ताप. सिक्युरिटीतच पाऊण तास गेला.’ खाली हसणाऱ्यांची रांग. मला काही हसू आलं नाही. सकाळपासून ते डोक्यातून जात नाहीये.

कारण आमच्या गल्लीतल्या काकू. गेल्या महिन्यात मुलाबरोबर मुंबईहून दुबईला लेकीकडे गेल्या. घरी कढवलेलं तूप काचेच्या बाटलीत भरून, जुन्या नऊवारीच्या फडक्यात गुंडाळून, वरून नाडीनं बांधलं होतं. सांगलीतून निघताना ती बाटली काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत, साड्यांच्या मधोमध होती. अगदी योग्य जागी. काउंटरवर बॅग दोन किलो चारशे ग्रॅम जास्त भरली. मुलानं हाताला लागेल ते जड बाहेर काढलं, म्हणजे तूप आणि काकवीचा डबा, आणि काकूंच्या हातातल्या पिशवीत कोंबलं. इतकी घाई कसली? लाऊंज गाठायचं होतं. तपासणीत दोन्ही वस्तू गेल्या. वर मुलगा आईवरच खेकसला, ‘तरी सांगत होतो हे ओझं नको म्हणून.’

त्या माउलीचं काय चुकलं, सांगा!

परदेशाच्या विमानात हातातल्या बॅगेत पातळ पदार्थाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. मोजतात ती बाटली, आतला माल नव्हे. २०० मिलीच्या बाटलीत तळाला दोन चमचे तेल असलं तरी ती बाहेर. आणि पातळ म्हणजे फक्त पाणी नाही. तूप, काकवी, लोणचं, श्रीखंड, पातळ चटणी, टूथपेस्ट सगळं त्यात येतं. थंडीत तूप गोठलेलं असलं म्हणून सुटत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासूनची ही अट. परदेशात काही ठिकाणी बॅगेच्या आतलं सगळ्या बाजूंनी दाखवणारे नवे सीटी स्कॅनर बसल्यावर ती सैल झालीय, हे मान्य. पण त्या भरवशावर आईची बॅग भरू नका.

काउंटरवर वजन जास्त भरलं तर पातळ वस्तूला हातच लावायचा नाही. कोरडं आणि घट्ट ते काढा: चपलांचा जोड, पुस्तकं, दोन साड्या, पेढ्यांचे बॉक्स. स्वेटर अंगात घाला. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलोच देतात, तेही ध्यानात ठेवा. त्याहून बरं म्हणजे घरूनच मोजून निघा. हुकाला बॅग अडकवून उचलायचा छोटा काटा मिळतो. आणि किलोभर जागा मोकळी सोडा, कारण घरचा काटा आणि काउंटरचा काटा कधीच जुळत नाहीत.

काकूंच्या मुलाला हे माहीत नव्हतं का? होतं. वर्षातून चारदा विमानानं जातो तो. सांगितलं नाही, एवढंच.

रांग का तुंबते, तेही बघा. मशीनच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळा, मधलं मिसळीचं हिरवं. गुळाची ढेप, घट्ट दाबून भरलेले कंदी पेढे, हळदीची पुडी, बेदाण्याचं पाकीट हे सगळं जाड नारिंगी ठोकळ्यासारखं दिसतं, आणि स्फोटकंही त्याच रंगात दिसतात. तांब्याचा गडू किंवा पितळी मूर्ती असेल तर किरण आरपार जात नाहीत, नुसता काळा डाग. त्यात चार्जरच्या वायरींचा गुंता वरच पडलेला. मग बॅग बाजूच्या पट्ट्यावर जाते, उघडली जाते, पुन्हा मशीनमध्ये फिरते. एका बॅगेची पाच-सात मिनिटं तिथंच जातात, आणि पुढं अशाच आठ बॅगा असतात. लॅपटॉप आणि वायरी ट्रेमध्ये वेगळ्या ठेवा. पेढ्यांचा बॉक्स आणि गूळ बॅगेत सगळ्यात वर ठेवा, म्हणजे बघायला मागितलं तर सामान उपसावं लागत नाही.

काकांच्या चंचीतला अडकित्ता आठवतो का कुणाला? तो हातातल्या बॅगेत चालत नाही. काडेपेटी आणि लायटर तर दोन्हीकडे नाही. पॉवर बँक बरोबर उलटी, ती मोठ्या बॅगेत टाकायचीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवायला माणसं असतात, खाली सामानाच्या कप्प्यात कुणी नसतं. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे नेहमीची पॉवर बँक बसते. चुकून खालच्या बॅगेत राहिली तर बॅग अडवतात, माणसाला परत बोलावतात, आणि तिथं खरी तारांबळ उडते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही मोठ्या बॅगेत घालू नका. खोबरं स्वतःहून तापून पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं. आणि दुबईला निघालात तर खसखस अजिबात नको, तिथं बंदी आहे. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात घातलीय का, हे आईला आधी विचारा.

आता लाऊंज. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पावणेचारशे किलोमीटर गाडीत बसून आलेल्या माणसाला गरम इडली, स्वच्छ बाथरूम आणि पाठ टेकायला खुर्ची मिळाली तर बरंच आहे. पण क्रम समजून घ्या. आधी दारावर तिकीट आणि पासपोर्ट, मग काउंटर, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, आणि त्यानंतर लाऊंज. काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, काही परदेशी कंपन्या त्याहूनही आधी. बँकेची काही कार्डं घासून दोन रुपयांत आत जाता येतं हे खरं, पण कुठल्या कार्डावर तिमाहीत किती वेळा, आणि आधी किती खर्च केलेला लागतो, हे बँका सारखं बदलतात. कार्ड एकाचं, तर बहुतेक वेळा आत एकच माणूस. मग आईचं काय? तिला बाहेर बाकावर बसवायची? आणि मुंबईचं विमानतळ सायलेंट आहे, बोर्डिंगची आरोळी कुणी देत नाही. ताट घेऊन निवांत बसलात आणि गेट बदललं, तर फलकावर बघणार कोण?

हे लिहिताना राग जरा उतरलाय, म्हणून एक कबूल करतो. तो मुलगाही रात्रभर गाडीत जागाच होता. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की पुढचं सगळं गणित कोलमडतं. निघतानाच दोन तास हाताशी जास्त हवेत. पण थकवा आईवर काढायचा नसतो.

आणि तपासणीवाल्यांनाही उगाच शिव्या नकोत. डिसेंबर १९९९ मध्ये विमान कंदहारला पळवून नेलं, त्यानंतर २००० पासून ही जबाबदारी सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, येत गेली. काकूंची बाटली बाजूला ठेवणारी मुलगी नीटच बोलली. ‘आजी, नियम आहे,’ म्हणाली. काकूंनी फक्त विचारलं, ‘फडकं नेऊ का गं?’ मग तिथंच उभं राहून नाडीची गाठ सोडली, फडकं काढलं, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवलं. परवा फोनवर हे सांगताना त्या तुपाबद्दल बोललाच नाहीत. मंगळसूत्र काढायला लावतील म्हणून सांगलीपासून धास्तावले होते, म्हणाल्या.

हे ऐकून पोटात तुटलं. कुणीतरी आधी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं ना! मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागत नाहीत. बायकांची तपासणी पडद्याआड, बाईच करते. हात बाजूला धरायचे, मग पाठ करायची, संपलं. मिरजेत गुडघे बदलून घेतलेल्यांनी आधीच सांगायचं. यंत्र वाजणारच, घाबरायचं कारण नाही. पेसमेकर असेल तर तेही. इन्सुलिन आणि औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. चालवत नसेल तर व्हीलचेअर ४८ तास आधी कंपनीला कळवून ठेवा.

येत्या आठवड्यात कुणाचे आईवडील निघणार असतील तर आदल्या रात्री बॅग त्यांच्यासमोर उघडा, त्यांच्याच हातानं पुन्हा भरून घ्या. बॅग मोजायचा काटा माझ्याकडे आहे. संध्याकाळी सातनंतर या, घेऊन जा.