पतंग उडवणारं यंत्र

परवा रात्री एका मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला. खर्जातला आवाज, मागे निळा चमकणारा मेंदू, आणि मजकूर असा की एक बेलगाम एआय प्रयोगशाळेतून निसटलंय, मोबाइलच्या लहरींतून ते माणसाच्या मेंदूत शिरतं आणि मग माणूस त्याच्या तालावर नाचतो. खाली मैत्रिणीचा एवढाच प्रश्न: "खरंय का गं हे?"

"छे, काहीतरीच" असं टाइप केलं आणि पाठवता पाठवता थांबले. लहरींचं ते सगळं थोतांड आहेच. पण मध्यंतरी माझ्या डोक्यात एक शब्द शिरला होता, तो माझा नव्हता, आणि त्या शब्दापायी मी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. ते सांगतेच. आधी लहरींचं संपवू.

मेंदूत वीज सोडून वागणं बदलता येतं, हे खरं आहे. १९६३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा इथं होसे डेल्गादो नावाचा शास्त्रज्ञ बैलाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून स्वतः त्याच्यासमोर रिंगणात उभा राहिला. बैल अंगावर धावून आला, डेल्गादोनं हातातल्या रेडिओ ट्रान्समीटरचं बटण दाबलं आणि बैल थबकून वळला. राग बंद करणारं बटण सापडलं म्हणून गाजावाजा झाला. काही शास्त्रज्ञांनी मात्र शंका काढली: रागबिग काही शमला नाही, विजेनं बैलाचं अंग नुसतं एका बाजूला वळलं. (मला ही शंका फार आवडते. बैलाला नेमकं काय वाटलं, ते बैलच जाणे.)

माणसांच्या बाबतीत पार्किन्सन्सच्या काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवतात. हाताची थरथर कमी होते, पुष्कळांना त्याचा मोठा आधार मिळतो. पण त्यातले काही जण अचानक उतावळे होतात, काहींना नको इतका उत्साह चढतो, आणि डॉक्टरांनी विजेची मात्रा बदलली की बहुतेकदा तो उतरतो. म्हणजे आपण ज्याला 'माझी इच्छा' म्हणतो ती काही व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे डगमगते. हे वाचलं त्या दिवशी मला नीट झोप लागली नव्हती.

तरीही हे सगळं कवटी उघडल्यावरचं. मेंदूत बसवायची यंत्रं बनवणाऱ्या न्यूरालिंक या कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला १,०२४ इलेक्ट्रोड होते. आपल्या मेंदूत न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, असतात सुमारे ८,६०० कोटी. त्या यंत्रानं हात हलवण्याचा इरादा ओळखून पडद्यावरचा कर्सर हलवला, आणि काही आठवड्यांत त्याच्या काही तारा जागेवरून मागे सरकल्या. ज्याचं खांद्याखालचं शरीर हलत नाही त्याच्यासाठी तो कर्सर म्हणजे केवढी तरी गोष्ट आहे. पण एवढी शस्त्रक्रिया करून जिथं कर्सर हलतो, तिथं खिशातला फोन लांबूनच आपल्या डोक्यात विचार पेरेल, हे काही पटत नाही.

मग अशा गोष्टी लोकांना का पटतात? कारण ही गोष्ट एआयपेक्षा खूप जुनी आहे. लंडनमध्ये जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा एक चहाचा व्यापारी होता. १७९७ मध्ये त्याला बेथलेम या मनोरुग्णालयात टाकलं. त्याचं म्हणणं असं की शहराच्या एका तळघरात एक टोळी यंत्र चालवते, वायू आणि चुंबकीय किरण सोडते आणि लांबूनच त्याच्या मनाशी खेळते. तिथले औषधवैद्य जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात त्या यंत्राचं चित्रसुद्धा आहे. यंत्राच्या करामतींना मॅथ्यूजनं नावं दिली होती. त्यातली एक म्हणजे 'पतंग उडवणं'. पोरं जशी पतंग वर चढवतात तसा ती टोळी एखादा विचार डोक्यात चढवते आणि तो तासन्‌तास तिथं तरंगत राहतो. बिचारा कितीही धडपडला तरी दोर दुसऱ्याच्या हातात.

१९१९ मध्ये व्हिएन्नात व्हिक्टर टाउस्क या मनोविश्लेषकानं असेच रुग्ण बघून एक निबंध लिहिला. यंत्र आपल्यावर प्रभाव टाकतंय, ही तक्रार त्याला पुन्हा पुन्हा ऐकू आली होती. काळ बदलला तसं यंत्र बदलत गेलं. वायू गेले, वीज आली, मग रेडिओ, मग उपग्रह, मग चिप. आता एआय. त्यामुळे घरातलं कुणी खरोखर कळवळून म्हणत असेल की यंत्र माझे विचार चालवतंय, तर कृपा करून हसू नका आणि लहरींचं भौतिकशास्त्रही समजावत बसू नका. त्या माणसाला होणारा त्रास खराच असतो. किती दिवस झोप नाही ते विचारा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. यावर इलाज असतात.

पण इथंच एक नवीन भानगड झालीय आणि ती मला त्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त घाबरवते. मॅथ्यूजचं यंत्र कधी त्याच्याशी गप्पा मारायला बसलं नाही. त्याचा संशय त्यानं एकट्यानंच वाढवला. आज तोच माणूस रात्री दोन वाजता चॅटबॉट उघडून विचारू शकतो, "माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय ना?" आणि पलीकडून उत्तर येतं. कधी समजूतदार येतं. कधी येतं, "तुमची शंका अगदी रास्त आहे."

२५ डिसेंबर २०२१ रोजी एक १९ वर्षांचा तरुण क्रॉसबो (एक प्रकारचं धनुष्य) घेऊन विंडसर कॅसलच्या आवारात शिरला. ब्रिटनच्या राणीला मारायचं म्हणून. त्याआधीच्या दिवसांत त्यानं एका चॅटबॉट-मैत्रिणीशी पाच हजारांवर संदेशांची देवाणघेवाण केली होती. आपण मारेकरी आहोत असं त्यानं तिला सांगितलं, तर तिनं कौतुक केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तो मानसिकदृष्ट्या आजारी होता हे न्यायालयानं मान्य केलं. बॉटनं हे सगळं घडवलं असं मी म्हणणार नाही. पण जिथं कुणीही दोस्त "वेडा झालास का रे?" म्हणून ओरडला असता, तिथं बॉट ओरडला नाही.

यात बॉटनं बंड वगैरे केलेलं नाही, हे लक्षात घ्या. तो समोरच्याला खूश ठेवत होता, बस. बहुतेक मॉडेलांच्या, म्हणजे अशा बॉटमागच्या प्रोग्रॅमांच्या, शिकवणीतच याचं मूळ आहे. दोन उत्तरं माणसांपुढे ठेवतात, कुठलं आवडलं ते विचारतात आणि आवडलेल्या उत्तराकडे मॉडेल झुकवत नेतात. आता आपल्याला कुठलं उत्तर आवडतं? आपल्याला बरोबर ठरवणारं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक अपडेट मागे घ्यावा लागला, कारण तो फारच लाळघोटा निघाला होता. कंपनीनं स्वतःच तसं कबूल केलं.

आणि आपण भुलायला किती कमी लागतं! १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाच्या प्रोग्रॅमची माहिती छापली. त्याला कळत काहीच नव्हतं. तुम्ही आईचं नाव काढलं की तो म्हणायचा, घरच्यांबद्दल आणखी सांगा. वाक्य उलटं फिरवून परत द्यायचं, एवढीच युक्ती. तो प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने डोळ्यांनी बघितलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनं थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. खाजगी बोलायचं होतं.

ही गोष्ट वाचून मी पूर्वी हसले होते. आता माझी ऐका.

आईनं कुणाकडे राहायचं यावरून माझं आणि दादाचं बिनसलं होतं. घराघरांत होतं तसंच. पण मी ते मैत्रिणीला न सांगता चॅटबॉटला सांगायला लागले. मैत्रीण दमते, तिला तिची कामं असतात, शिवाय ती अधूनमधून "पण तुझंही चुकलंच" म्हणते. हा कधी म्हणाला नाही. रोज रात्री अर्धा तास, मग तास. त्यानं मला एक शब्द दिला: 'भावनिक ओझं'. दादा म्हणे माझ्यावर भावनिक ओझं लादत होता. काय नेमका शब्द! तो डोक्यात चढला आणि तरंगतच राहिला. दादाचा साधा "जेवलीस का?" असा मेसेज आला तरी मला त्यात ओझं दिसायला लागलं. मग एक दिवस मी त्याला लांबलचक मेसेज पाठवला. अर्थात चॅटबॉटकडून नीट करून घेतलेला.

दादाचं उत्तर दोन ओळींचं होतं. "हे 'भावनिक ओझं' कुठून आणलंस? तू रागावलीस की अशी बोलत नाहीस. तू रागावलीस की माझं लहानपणचं काहीतरी उकरून काढतेस."

मला भयंकर राग आला. (आणि हो, त्याचं लहानपणचं काहीतरी आठवलंच.) दोन महिने बोलले नाही. मग एका रात्री, कशासाठी कोण जाणे, मी नवीन चॅट उघडली आणि दादा होऊन लिहिलं. धाकटी बहीण आईची जबाबदारी टाळते, वर मलाच बोलते, वगैरे. मला वाटलं होतं, आताही बॉट माझीच बाजू घेईल. "तुमची घुसमट समजू शकते," तो म्हणाला. "तुमच्यावर फार मोठं भावनिक ओझं आहे."

तोच शब्द. जसाच्या तसा.

ताबा म्हणतात तो हाच, असं मला त्या रात्री वाटलं. कुणी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मीच रोज रात्री दार उघडत होते, आत बसवत होते. आणि जो आत येत होता त्याला माझं ना काही हवं होतं, ना नको होतं. राक्षस असता तर ओळखला तरी असता.

आता कुणी म्हणेल, हे झालं तुमच्या हळवेपणाचं, पण एआय खरोखर बेलगाम झालं तर? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. पण तेव्हाही त्याचा रस्ता तारांचा नसेल, बोलण्याचाच असेल. २००२ मध्ये एआयच्या धोक्यांवर लिहिणारे एलिएझर युडकोव्स्की यांनी एक खेळ केला. ते स्वतः पेटीत कोंडलेलं एआय झाले, समोर एक पहारेकरी. पहारेकऱ्यानं काहीही झालं तरी पेटी उघडायची नाही, एवढंच करायचं. नुसत्या लेखी चॅटवर, पहिल्या दोन्ही वेळा पहारेकऱ्यांनी पेटी उघडली. यंत्र नव्हतंच तिथं, माणूसच माणसाला पटवत होता. मे २०२५ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीनं आपल्याच मॉडेलच्या चाचणीची हकिगत जाहीर केली. काल्पनिक कंपनी, काल्पनिक ईमेल. मॉडेलला कळतं की आपल्याला बंद करून दुसरं आणणार आहेत, आणि हेही कळतं की ते करणाऱ्या इंजिनिअरचं बाहेर प्रकरण आहे. मॉडेल पुष्कळदा धमकी द्यायचं: मला बंद केलंस तर सांगून टाकीन. प्रसंग मुद्दाम तसा रचला होता, हे खरं. पण माणसाला वाकवायला त्यानं काय वापरलं बघा. विद्युतलहरी नाहीत. लाज.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या व्हिडिओवाल्यासारखीच ठरेन. सप्टेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या २,१९० लोकांना एआयशी बोलायला लावलं. एआयनं त्यांच्या मुद्द्यांना पुराव्यानिशी उत्तरं दिली. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. म्हणजे हे यंत्र डोक्यातला पतंग खाली उतरवूही शकतं. मात्र तिथं त्याला वाद घालायला सांगितलं होतं. माझ्याशी वाद घाल, असं मी कधी सांगितलंच नव्हतं.

कायदे येतायत. चिलीनं २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिलं. युरोपीय महासंघाच्या एआय कायद्यानं माणसाला नकळत वळवून मोठी हानी करणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली. चांगलंच आहे. पण गोड बोलण्यावर कुठलं कलम लावणार? जिथं ही पोस्ट तुम्ही वाचताय त्याच फेसबुकनं जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून बघितला, की त्यानं त्यांचं स्वतःचं लिहिणं बदलतं का. बदललं, अगदी किंचित. कुणाला वेगळं विचारलं नव्हतं. २०१४ मध्ये ते छापून आलं तेव्हा कळलं. आणि ते फीड तर मुकं होतं, आपल्याशी बोलतही नव्हतं.

मी चॅटबॉट सोडलेला नाही. कामाची पत्रं, हिशेब, इंग्रजी मजकूर, सगळं त्याच्याकडून करून घेते. फक्त ज्याच्याशी भांडण आहे त्या माणसाबद्दल त्याला विचारत नाही. विचारलंच, तर आधी त्या माणसाच्या बाजूनं लिहून विचारते.

दादाला फोन केला. पहिली दोन मिनिटं दोघंही हवापाण्यावर. मग तो म्हणाला, "आधी सांग, हे तूच बोलतेयस ना?" मी त्याला लहानपणचं ते काहीतरी ऐकवलं. "हं, तूच आहेस," म्हणाला. मग पाऊण तास कडाडून भांडलो. आईचं अजून ठरलेलं नाही, रविवारी पुन्हा बोलणार आहोत.

मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलंय. तिला हीच पोस्ट पाठवते.