व्हीए बघून यूपीएस घेताय? थांबा जरा

लाइट जायचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो: ‘इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटरला यूपीएस नको. घ्यायचाच तर जास्त व्हीएचा घ्या, जास्त वेळ चालेल. प्रिंटर, राउटर सगळं त्यावरच लावा.’ आमच्या ग्रुपवर तो या महिन्यात तीनदा आला.

आधी व्हीएचं बघू, कारण पैसे तिथेच फसतात. व्हीए सांगतो एका वेळी किती भार पेलेल. किती वेळ पेलेल, ते बॅटरी ठरवते. 600 व्हीएच्या साध्या यूपीएसवरचं स्टिकर वाचा, बहुतेकदा 360 वॅट लिहिलेलं असतं. आत एकच काळी ठोकळ्यासारखी बॅटरी, 12 व्होल्ट 7 एएच (अँपिअर-तास). गुणाकार केला की 84 वॅट-तास. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून 120 वॅट ओढत असतील तर कागदावर 42 मिनिटं येतात. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळाली तरी खूप. 7 एएच हा आकडा वीस तासांत सावकाश उपसलेल्या बॅटरीचा. भराभर उपसली की ती तेवढं देत नाही. दोन-तीन वर्षं जुनी असेल तर एकदा ‘पीं’ करून गप्पच. 1000 व्हीएचा जास्त चालतो हा अनुभव खोटा नाही, पण त्यात अनेकदा दोन बॅटऱ्या असतात. श्रेय त्यांचं. दुकानात व्हीए नका विचारू, ‘आत बॅटरी कोणती, किती?’ असं विचारा.

इन्व्हर्टरचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. 150 एएचच्या बॅटरीपुढे यूपीएस म्हणजे चिल्लर. अडतं ते लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला लागणाऱ्या वेळात. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, पूर्ण भारावर साधारण 16 मिलीसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. पंख्याला पत्ता लागत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ लिहिलेलं बारीक बटण असतं. ते दाबा, बहुधा काम भागेल. पण या मोडला कमी व्होल्टेज खपत नाही. संध्याकाळी तुमच्याकडे 170 वर येत असेल तर लाइट असूनही बॅटरीच झिजत राहते. तिथे कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएसच बरा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर? मुळीच नको. आतला हीटर तापताना शेकडो वॅट ओढतो आणि 360 वॅटचा यूपीएस ओरडायला लागतो.

राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो, काही तास आरामात. फक्त अडॅप्टरवर 12 आहे की 9, ते बघून घ्या. आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला बॅकअप आहे का, तेही विचारा. नसेल तर तुमचा राउटर नुसता दिवे मिचकावत बसेल.