‘दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्या’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मार्च उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एसीच्या खर्चाविषयीचा एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एसीतला गॅस वर्षभरात संपतो, तो दर उन्हाळ्याआधी भरून घ्या. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असेल तर दहा वर्षं खर्चाची काळजी नाही. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला की दुरुस्त करू नका, नवा एसी घ्या, वीजबिलातून पैसे वसूल होतात. कंपनीचा माणूस लुटतो, नाक्यावरचा मेकॅनिक तेच काम निम्म्यात करतो. पावसाळ्यात बाहेरच्या युनिटला प्लास्टिक गुंडाळून ठेवा. आणि शेवटी, उंचीचे जादा पैसे मागितले तर देऊ नका, ती फसवणूक आहे.

मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकलो आणि गोरेगाव-मालाड भागात एसी दुरुस्तीचंच काम करतो. हा मेसेज वाचून लोकांचे पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात, हे मी घरोघरी बघतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गॅसपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), बाहेरची कॉइल, कॅपिलरी (अगदी बारीक नळी), आतली कॉइल आणि पुन्हा कॉम्प्रेसर अशा बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये द्रवाचा वायू होताना तो खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये वायूचा द्रव होताना ती सोडून देतो. कारखान्यात भरलेला गॅस मशीन भंगारात निघेपर्यंत पुरायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे.

मुंबईत गळती होते, हे खरंच आहे. वरळी, वर्सोव्यासारख्या भागांत खारी हवा बाहेरच्या कॉइलचे ॲल्युमिनियमचे पंख खाऊन टाकते. नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेला घर असेल तर सांडपाण्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंनी तांबं काळं पडतं आणि नळीला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. काही वेळा तर गळती फक्त पाइपच्या जोडावरच्या फ्लेअर नटपाशी असते, आणि फ्लेअर (पाइपचं पसरट केलेलं तोंड) नव्याने करून नट नीट आवळला की काम होतं. म्हणून मेकॅनिकने ‘गॅस कमी झालाय’ म्हटलं की पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. ‘कुठून गेला?’ असं विचारा.

गळती न शोधता नुसता टॉप-अप केला, म्हणजे कमी झालेला गॅस वरून भरला, तर दोन-तीन हजार जातात आणि पुढच्या मार्चला पुन्हा तेच. पण खरं नुकसान वेगळंच आहे. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरला थंड ठेवत असतो. गॅस अपुरा असला की कॉम्प्रेसर तापतो, तासन् तास बंद होत नाही आणि एक दिवस जळतो. दोन-तीन हजारांचे टॉप-अप करत राहणाऱ्याच्या वाट्याला शेवटी कॉम्प्रेसरचं बिल येतं.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. गेजवर (दाब मोजायच्या मीटरवर) प्रेशर कमी दिसलं म्हणजे गॅस कमीच आहे, असं नसतं. फिल्टर धुळीने भरला असेल, आतला पंखा हळू फिरत असेल, तरीही गेजचा काटा खाली येतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर प्रेशरही बदलतं. म्हणून आधी फिल्टर धुवायचा, दोन्ही कॉइल साफ करायच्या, मग मोजायचं. जेट सर्व्हिसच्या (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याच्या) पाच-सातशे रुपयांत ज्याची थंडाई परत आली, त्या मशीनमध्ये लोक तीन हजारांचा गॅस भरायला निघाले होते, असं मी उन्हाळाभर बघतो.

गळती सापडलीच, तर काम असं व्हायला हवं: नायट्रोजन भरून दाब धरायचा, साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधायचे, सांध्याला ब्रेझिंग करायचं (धातू वितळवून तो बुजवायचा), नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्युम पंप निदान अर्धा तास चालवायचा आणि मग वजनकाट्यावर गॅस भरायचा. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर छापलेलं असतं. आर-३२ गॅसवाल्या दीड टनी मशीनमध्ये तो साधारण किलोच्या आसपास असतो. याला टॉप-अपपेक्षा जास्त पैसे लागतात, माझ्या भागात चार ते सहा हजार. ते द्या. व्हॅक्युम न करता गॅस सोडला तर नळ्यांत राहिलेली ओल तेलात मुरते आणि पुढे त्याचं आम्ल होतं. आणि कुणी दाब तपासायला ऑक्सिजनचा सिलिंडर लावत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो.

आता वॉरंटी. ‘दहा वर्षं’ हे अक्षर मोठं असतं, ते फक्त कॉम्प्रेसर या एका भागाचं असतं. बहुतेक कार्डांवर संपूर्ण मशीनची वॉरंटी एकच वर्षाची असते. सातव्या वर्षी कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, ब्रेझिंग, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे बहुतेक वेळा ग्राहकालाच भरावे लागतात. पंख्याची मोटर, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग), कॉइल यांचं काय, ते कार्डावर आत्ताच वाचून ठेवा. बिलाचा आणि दोन्ही युनिटांवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. बाहेरचं स्टिकर उन्हापावसात पुसट होतं.

‘कॉम्प्रेसर गेला’ हे ऐकून घाबरूही नका. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर घुमतो पण सुरू होत नाही, तेव्हा कित्येकदा दोष कपॅसिटरचा असतो, आणि तो मजुरीसकट हजाराच्या आत बदलून होतो. मल्टिमीटर लावून कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलांमधलं रीडिंग आणि बॉडीशी शॉर्ट आहे का, ते समोर दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. जो दाखवत नाही त्याच्याकडून कॉम्प्रेसर बदलून घेऊ नका.

पीसीबीच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण चांगली मशिनं भंगारात जाताना दिसतात. बाहेरच्या युनिटमधला बोर्ड आपल्याकडे पाल शिरून, मुंग्यांनी किंवा ओलीने शॉर्ट होतो, नाहीतर व्होल्टेज उसळून जातो. त्यात बऱ्याचदा फ्यूज, व्हॅरिस्टर किंवा रिले असा एखादाच भाग उडालेला असतो. आधी कार्ड बघा, पीसीबीवर अनेक कंपन्या पाच वर्षं वॉरंटी देतात. मुदत संपली असेल तर बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. लॅमिंग्टन रोड परिसरात आणि उपनगरांतही अशी दुकानं आहेत, दोन ते चार हजारांत पुष्कळ बोर्ड चालू होतात. सगळे होत नाहीत. कॉम्प्रेसरला वीज पुरवणारं पॉवर मॉड्यूल जळालं असेल किंवा बोर्डावर जाड जेल ओतलेलं असेल तर दुरुस्ती अवघड जाते आणि नवा बोर्ड बराच महाग पडतो. पण तोही नव्या एसीपेक्षा स्वस्तच असतो.

राहिलं वीजबिल. बीईई या सरकारी ऊर्जाबचत संस्थेच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. जुन्या आणि नव्या लेबलांची वजाबाकी करा. समजा २५० युनिटचा फरक आला आणि युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला अडीच हजार वाचतात. नवा एसी, ब्रॅकेट, तांब्याचे पाइप आणि फिटिंग धरून ४५,००० रुपये गेले तर वसुलीला १८ वर्षं लागतील. दुप्पट वापर असला तरी ९ वर्षं. जुन्या मशीनची आतली कॉइल जागोजाग गळत असेल, किंवा ते मॉन्ट्रिअल करारानुसार बाद होत चाललेल्या आर-२२ गॅसवरचं असून रात्रंदिवस चालत असेल, तर बदलणं बरोबर आहे. पाच वर्षं झाली, एवढ्यासाठी बदलू नका.

कंपनीचा माणूस की नाक्यावरचा मेकॅनिक, यात सरसकट उत्तर नाही. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच. बाहेरच्याने मशीन उघडलं की वॉरंटीचा दावा अडू शकतो. फोन नंबर मात्र वॉरंटी कार्डावरूनच घ्या, कारण इंटरनेटवर शोधल्यावर वर दिसणारं ‘सर्व्हिस सेंटर’ कंपनीचं असेलच असं नाही. वॉरंटीनंतर चांगला स्थानिक मेकॅनिक स्वस्त पडतो आणि तुमचं मशीन ओळखतो. ‘निम्म्यात तेच काम’ म्हणणाऱ्याकडे व्हॅक्युम पंप आणि वजनकाटा आहे का, एवढं बघा. नसेल तर ते तेच काम नव्हे. दोघांकडूनही बिल घ्या, बदललेला जुना भाग मागून घ्या. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

प्लास्टिक गुंडाळू नका. बाहेरचं युनिट पाऊस झेलण्यासाठीच बनवलेलं असतं. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते, उंदीर घर करतात, आणि कुणी चुकून एसी लावला तर कॉम्प्रेसर तापतो.

आणि उंचीचे पैसे. आपल्या इमारतींत बाहेरचं युनिट कित्येकदा अशा भिंतीवर टांगलेलं असतं, जिथे उभं राहायला छज्जाही नसतो. अकराव्या मजल्यावर खिडकीबाहेर जायचं तर सेफ्टी बेल्ट लागतो, दोर लागतो, तो धरायला आत दुसरा माणूस लागतो, कधी झुला लागतो. त्या दुसऱ्या माणसाची दिवसाची मजुरी म्हणजे ते जादा पैसे. काम ठरवताना फोनवरच मजला आणि जागा सांगा, रक्कम आधी ठरवा, आणि माणूस बेल्ट न लावता बाहेर निघाला तर त्याला जाऊ देऊ नका. नवीन एसी बसवत असाल तर बाल्कनीत किंवा हात पोहोचेल अशा जागी युनिट लावण्याचा हट्ट धरा, पाइप दोन मीटर जास्त लागला तरी चालेल. बेल्ट अडकवायला जागा नसेल तर मी काम नाकारतो. दुसऱ्या दिवशी तेच काम कुणीतरी पाचशे रुपये कमी घेऊन, काहीही न बांधता केलेलं असतं. या मेसेजमधली ती एक ओळ तरी पुढे पाठवण्याआधी काढून टाका.