"नाल काढा, बाकी निसर्ग बघेल" हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं घोड्याला भोगावं लागतं

सध्या घोडेवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी मलाही पाठवला. त्यात म्हटलंय की जंगली घोडे नालेशिवाय फिरतात म्हणजे तुमचाही फिरेल, नाल काढल्यावर काही आठवडे तो दुखऱ्या पायांनी चालेल पण ते खूर "जागे होत" असतात त्यामुळे काही करू नका, खूर तासायची गरज नाही रस्त्यावर आपोआप घासतात, वाटलंच तर बायोटिन (एक जीवनसत्त्व) द्या, दोन-तीन महिन्यांत नवे खूर तयार. आणि शेवटी, परत नाल मारणारा मालक निर्दयी.

मी बेअरफूटच्याच, म्हणजे घोडा नालेशिवाय ठेवण्याच्याच, बाजूचा आहे हे आधी सांगतो. नाल निघाल्यावर वर्षभरात खूर रुंद, टाचा भक्कम, चाल मोकळी झालेले घोडे मी पाहिलेत. म्हणूनच हा मेसेज जास्त टोचतो, कारण तो वाचून कुणीतरी उद्या सकाळी नाल उपटणार, घोडा महिनाभर कळवळणार, आणि मग तोच माणूस सगळ्यांना सांगत सुटणार की बेअरफूट म्हणजे थोतांड. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

"जंगली घोड्यांना कुठे नाल असते?"

नसते, बरोबर. पण ते दिवसभरात काय करतात तेही बघा ना. ऑस्ट्रेलियातल्या ब्रम्बी नावाच्या जंगली घोड्यांना जीपीएस लावून मोजलं तेव्हा ते दिवसाला सरासरी १६ किलोमीटरच्या आसपास चालताना दिसले, तेही दगडधोंड्यातून, पाणी आणि चाऱ्याच्या मागे. त्याच संशोधकांनी ०.८ हेक्टरच्या कुंपणात ठेवलेले पाळीव घोडे मोजले, ते ४.७ किलोमीटरच्या आसपास चालले. आणि तबेल्यात मुताने ओल्या झालेल्या बिछान्यावर दिवसाचे बहुतेक तास उभा असणारा घोडा तर तेवढंही चालत नाही.

दुसरं म्हणजे जंगली खूर म्हणजे आदर्श खूर ही समजूतच कच्ची आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी हे खूर उघडून तपासले तर मऊ वाळूवरच्या घोड्यांचे खूर लांब आणि फाकलेले निघाले, आणि कडक जमिनीवरचे जे बाहेरून आखूड सुबक दिसत होते त्यातल्याही काहींत आत जुन्या लॅमिनायटिसच्या, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांच्या आजाराच्या, खुणा होत्या. म्हणजे खूर जमीन घडवते, चालणं घडवतं, खाणं घडवतं. जंगलातून उचलायचंच असेल तर ते चालणं आणि तो रुक्ष चारा उचला, नुसतं लोखंड नसणं उचलून काही होत नाही.

"दुखणं म्हणजे खूर जागे होताहेत, सहन करू द्या"

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

नाल असताना घोड्याचं वजन बरंचसं खुराच्या भिंतीवर असतं आणि तळवा जमिनीपासून थोडा वर राहतो. नाल निघाली की तळवा थेट खड्यांवर येतो. तळवा पुरेसा जाड असेल, एक्स-रेमध्ये १५ मिलिमीटरच्या आसपास दिसत असेल, तर बहुतेक घोडे निभावून नेतात. १० मिलिमीटरच्या खाली असेल तर प्रत्येक खडा आतल्या जिवंत भागावर दाब देतो, ते जागं होणं नाही, ती इजा आहे. खूर बाजूने टिपलेला एक एक्स-रे हे सांगतो, आणि तो नाल काढायच्या आधी काढायचा असतो.

आता ज्यांना वाटतं की थोडं सोसलं की खूर घडतो, त्यांनी हे नीट समजून घ्या. खुराच्या मागच्या भागात टाचेच्या आत एक गादी असते, दोन्ही बाजूंना कूर्चा असते, आणि हे सगळं भक्कम होतं ते टाच आधी टेकून चालल्याने, कारण तेव्हा त्यावर वजन येतं. टाच दुखत असेल तर घोडा ती वाचवतो आणि खुराचं पुढचं टोक आधी टेकवतो. म्हणजे दुखत ठेवून चालवलात तर जी गोष्ट घडावी म्हणून नाल काढली नेमकी तीच घडत नाही! मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ काढा, सपाट कडक जमिनीवर, घोडा आपल्या चालीने चालत असताना. काय आधी टेकतंय ते लगेच कळतं.

टोक आधी टेकत असेल तर पाय उचलून मागून बघा. फ्रॉग, म्हणजे तळव्याच्या मधला तो रबरासारखा त्रिकोणी भाग, त्याच्या मागे टाचेच्या दोन उंचवट्यांमध्ये उथळ पसरट खोलगा असायला हवा. तिथे बोटाचं नख आत जाईल अशी अरुंद चीर असेल, कापसाचा बोळा घातल्यावर काळपट घाण आणि कुजका वास येत असेल, घोडा पाय ओढून घेत असेल, तर तो थ्रश, म्हणजे फ्रॉग कुजवणारा संसर्ग, आहे. तो आधी बरा करायचा, जागा रोज साफ करायची, औषध चिरेच्या तळापर्यंत पोचवायचं आणि उभं राहायची जागा कोरडी ठेवायची. अशा कित्येक घोड्यांवर "याला नालेशिवाय जमतच नाही" असा शिक्का बसतो आणि मूळ कारण ही चीर असते.

थोडं दुखणं आणि धोक्याचं दुखणं वेगळं ओळखता आलं पाहिजे. खडीवर जपून पाय टाकतो पण मातीवर मोकळा चालतो, ठीक आहे, त्याला खडीवर नेऊ नका किंवा आत पॅड घालून बूट चढवा. पण मऊ जमिनीवरसुद्धा आखूड पावलं टाकतोय, वळताना अडतोय, एक पाय सोडून दुसऱ्यावर भार देत राहतोय, खूर गरम लागतोय, तर घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं टेकवून नाडी बघा. एरवी ती शोधावी लागते. ती बोटाखाली ठणठण उडत असेल तर त्याच दिवशी व्हेटला बोलवा.

"खूर तासायची गरज नाही"

खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. तेवढी झीज रोजच्या चालण्यात होत नसेल तर कड लांबते, फाकते, आणि मग प्रत्येक पावलाला ती भिंतीला आतल्या हाडापासून उचकटत राहते. म्हणून दर चार-पाच आठवड्यांनी कानस फिरवून कड गोल करायची, थोडंच काढायचं पण वेळेवर काढायचं. उलटही होतं, रोज डांबरी रस्त्यावर खूप काम असेल तर वाढीपेक्षा झीज जास्त होते, अशा घोड्याला बूट लागतात.

आणि जे करायचं नाही तेही सांगतो. चाकूने तळवा खरवडून पांढराशुभ्र, वाटीसारखा खोल करून देणारे लोक आहेत, दिसायला सुंदर दिसतं. तो जाड थर घोड्याने स्वतः कमावलेला असतो, तो घालवला की घोडा पुन्हा पहिल्या दिवसावर.

"खाण्याचा फार संबंध नाही, बायोटिन पुरे"

इथे मेसेज पूर्ण आडवा पडतो. मला कुणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी गव्हाणीतूनच सांगेन.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींच्या (लहान चणीच्या घोड्यांच्या) रक्तात इन्सुलिनची पातळी सतत उंच ठेवली. ७२ तासांच्या आत त्या सगळ्या पोनींना चारही पायांत लॅमिनायटिस झाला. त्यांच्या खुरांना कुणी हातही लावला नव्हता. खुराची भिंत आतल्या हाडाला ज्या पापुद्र्यांनी धरून असते ते पापुद्रे इन्सुलिनमुळे ताणले जातात, सुटतात. प्रत्येक घोड्याचं इन्सुलिन एवढं चढत नाही हे खरं, पण गोड खाद्य, भरपूर दाणा आणि कोवळं गवत मिळणारा, मानेवर चरबीचा कडक वळ आलेला, सहज लठ्ठ होणारा घोडा असेल तर तो त्याच वाटेवर आहे असं समजून चाला. पूर्ण लॅमिनायटिस व्हायच्या आधी बारीक खुणा दिसतात, खुरावरची वलयं टाचेकडे रुंद होत जातात, तळव्याच्या कडेची व्हाइट लाइन, म्हणजे भिंत आणि तळवा जुळतात तिथली फिकट रेघ, ताणलेली दिसते, तिच्यात रक्ताचे बारीक ठिपके. आणि अशा घोड्याची नाल काढून तो लंगडला की आपण म्हणायचं ट्रान्झिशन, म्हणजे नालेशिवाय चालायची सवय होणं, चालू आहे?

मग करायचं काय, तर मळी घातलेलं फीड बंद, दाणा बंद किंवा कामापुरता, आणि मुख्य खाणं सुकं गवत, दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. इन्सुलिनचा त्रास असलेल्यासाठी साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या खाली हवं, ते नुसतं बघून कळत नाही, गवत लॅबमध्ये तपासून घ्यावं लागतं. तपासणी होईपर्यंत गवत तासभर गार पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, बरीच साखर निघून जाते. उपाशी मात्र ठेवू नका, पोनींमध्ये तर ते जिवावर बेतू शकतं.

मग खनिजं. ५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण १०० मिलिग्रॅम तांबं आणि ४०० मिलिग्रॅम जस्त लागतं. सुक्या गवतात बहुधा लोह भरपूर आणि ही दोन कमी, आणि खुराचं केराटिन नीट जुळायला हीच दोन लागतात. बायोटिनला मी नावं ठेवत नाहीये, लिपिझानर घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम देऊन फरक दिसलाय, पण तो दिसायला नऊ महिने लागले, आणि तांब्या-जस्ताची तूट ते भरून काढत नाही. अजून एक, तीन-चार सप्लिमेंट एकत्र देत असाल तर प्रत्येक डब्यावरचं सेलेनियम बेरीज करून बघा. त्याची गरज दिवसाला मिलिग्रॅमभर असते, फार झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खूर वरच्या कडेला फुटतात.

खाणं जुळलं की नाही हे खूरच दाखवतो. केस संपतात तिथून खाली येणारा नवा भाग जुन्यापेक्षा उभा आणि घट्ट दिसायला लागतो, दोन-तीन महिन्यांत तो कोन बोटाने कळतो.

"दोन-तीन महिन्यांत नवा खूर"

नाही. वर दिलेल्या वेगाने टोकाची भिंत वरून खालपर्यंत बदलायला नऊ ते बारा महिने जातात. टाचा लवकर येतात. आतली गादी भक्कम व्हायला त्याहून वेळ लागतो, लहानपणापासून नाल असलेल्या घोड्यात तर खूपच.

"परत नाल मारणारा निर्दयी"

जुन्या लॅमिनायटिसमुळे खुरातलं हाड फिरलंय, खुराला मोठी जखम आहे, म्हातारा घोडा आहे आणि कुशिंगची (म्हाताऱ्या घोड्यांमधला हार्मोनचा आजार, त्यातून लॅमिनायटिस होऊ शकतो) तपासणी झालेली नाही, किंवा कामच असं आहे की बूट टिकत नाहीत, अशा घोड्याला सध्या नाल असू द्या आणि गव्हाण सुधारा. ज्याची काढायची त्याचंही खाणं दोन-तीन महिने आधी बदला, थ्रश बरा करा, एक्स-रे काढा, कामाचा ताण कमी असेल असे दिवस निवडा, आणि मापाचे बूट नाल काढायच्या दिवशी तबेल्यात आलेले असू द्या, घोडा लंगडल्यावर मागवायला बसू नका.