सत्यममध्ये माणसं नुसती पगारासाठी थांबली का?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं असं, की हैदराबादची आयटी कंपनी सत्यम हिशेबाच्या घोटाळ्याने कोसळली तेव्हा लोक टिकले, त्यात नेतृत्वाचा काही संबंध नव्हता; 2009च्या मंदीत बाहेर नोकऱ्या नव्हत्या म्हणून लोक पगारासाठी थांबले, आणि नंतरचा ‘व्हर्च्युअल पूल’ ही गोड नावाची कपात होती.

मंदीचं खरं आहे. हैदराबाद काय, हिंजवडी काय, सगळीकडे भरती थंडावली होती. पण मंदीमुळे माणूस नोकरी सोडत नाही एवढंच. तो मन लावून काम करेल याची हमी मंदी देत नाही. 2010च्या फुटबॉल विश्वचषकाची आयटी सेवा याच कंपनीने दिली, संस्थापकाला अटक झाल्यानंतरही. हे काम भेदरलेल्या, रोज अफवा चघळत बसलेल्या टीमकडून होत नाही.

आणि पगार नेतृत्वापासून वेगळा कसा काढता येईल? 7 जानेवारी 2009ला संस्थापक रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आलं. ताळेबंदातली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नव्हतीच. चारच दिवसांत सरकारने किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना संचालक मंडळावर नेमलं. जानेवारीचे पगार झाले. फेब्रुवारीत बँकांकडून 600 कोटींच्या कर्जाची सोय झाली आणि सीईओपदी ए. एस. मूर्ती आले, 1994पासून तिथेच काम केलेला माणूस. बाहेरचा कुणी ‘साफसफाई’ला आणला नाही. माझ्या मते त्या सगळ्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय. मालकाच्या गुन्ह्याचा डाग आपल्यावर नाही, हे लोकांना भाषणाशिवाय कळलं.

आता व्हर्च्युअल पूल. एप्रिलमध्ये टेक महिंद्रा या आयटी कंपनीने शेअरला 58 रुपये भावाने सत्यम विकत घेण्याची बोली जिंकली आणि जूनमध्ये बेंचवरच्या, म्हणजे हाती प्रकल्प नसलेल्या, हजारो लोकांना या पूलमध्ये टाकून घरी बसवलं : बेसिक पगार, पीएफ, आरोग्यविमा, जास्तीत जास्त सहा महिने. बेसिकमध्ये घराचा हप्ता भागत नाही. तिला कपात म्हणा, माझी हरकत नाही. पण किती मिळणार, कधीपर्यंत मिळणार आणि उपचारांचं काय, हे त्या माणसाला घरी जाऊन सांगता येत होतं. याउलट आपल्याकडे अनेक ठिकाणी काय चालतं, तुम्हीही पाहिलं असेल : शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा फोन, समोर तयार राजीनामा, ‘आत्ता सही केलीत तर अनुभवाचं पत्र चांगलं देऊ’. याचा मला मनापासून संताप येतो. जाणाऱ्याचं नुकसान होतंच, शिवाय मागे राहिलेले सगळे त्याच दिवशी बायोडेटा अपडेट करायला घेतात.

तुम्ही त्या काळात तिथे टीम लीड होतात असं लिहिलंय. मग एक विचारतो. त्या आठवड्यांत टीमने विचारलेल्या प्रश्नांना द्यायला तुम्हाला वरून काही उत्तरं मिळत होती का, की टीव्हीवरच्या बातम्याच पुढे सांगाव्या लागत होत्या? जमलं तर जरूर लिहा, तो भाग बाहेर बसून मला दिसत नाही.